प्रशिक्षक ब्रँच रिकी

अमेरिकेत शाळा-कॉलेजांतून बेसबॉल आवडीने खेळला जातो. क्रिकेटप्रमाणे हाही बॅट आणि चेंडूचाच खेळ. ब्रँच रिकी हे या खेळाचे नामवंत प्रशिक्षक होते.

त्यांचा जन्म २० डिसेंबर १८८१ रोजी ओहायो राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. काही काळ त्यांनी खेड्यातील शाळेत शिकवले आणि मग ओहायो वेस्लियन विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे तेथील बेसबॉल संघाचे ते प्रशिक्षक झाले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकवीस-बावीस होते.

त्या संघात चार्ल्स थॉमस नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. १९०३च्या सुमारास हा संघ सामन्यासाठी साउथ बेंड या गावी गेला. तेथील हॉटेलात काळ्या माणसाला जागा नव्हती. थॉमसला खोली देण्यास साफ नकार मिळाला. रिकी हटून बसले. अखेर त्यांच्याच खोलीत थॉमससाठी एक खाट टाकण्यात आली. खोलीत थॉमस रडू लागला. जणू कातडीचा रंगच खरवडून काढायचा आहे, असा तो आपले हात चोळू लागला. रिकी यांनी त्याची समजूत घातली. पण ते दृश्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही. पुढे ते स्वतःच ही हकिकत लोकांना सांगत.

खेळाडू म्हणून रिकी यांना फारसे यश मिळाले नाही. क्षयरोगातून बरे झाल्यावर ते मिशिगन विद्यापीठात कायदा शिकले आणि १९१० ते १९१३ या काळात तेथील संघाचे प्रशिक्षक होते. पुढे गाजलेला जॉर्ज सिसलर तेथेच त्यांच्या हाताखाली तयार झाला.

नंतर ब्रुकलिन डॉजर्स या मोठ्या व्यावसायिक संघाचा कारभार त्यांच्याकडे आला. अशा संघांत कृष्णवर्णीयांना घेत नसत. हा नियम कोठे लिहिलेला नव्हता, तरी सारे तो पाळत. १९४५ साली रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन या तरुणाला निवडले. कोणी कितीही अपमान केला तरी हात उगारायचा नाही, असे वचन त्याच्याकडून घेतले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला. त्याला शिव्या, धमक्या सोसाव्या लागल्या. त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला.

रिकी व्यवहारी होते. चांगल्या खेळाडूमुळे संघ जिंकेल, प्रेक्षक वाढतील, हा हिशेबही त्यांनी केला होता. रॉबिन्सनच्या जुन्या संघाला त्यांनी मोबदला दिला नाही. हे मात्र योग्य झाले नाही.

चार्ल्स थॉमस पुढे दंतवैद्य झाले. १९६५च्या नोव्हेंबरमध्ये एका सत्कार समारंभात बोलता बोलता रिकी कोसळले. ९ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले.