पालवणकर बाळू : धाकट्यांसाठी वाट मोकळी करणारा गोलंदाज

खेळाच्या माध्यमातून वंचित मुलांना उभे करण्याची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. या शब्दांचा जन्मही झाला नव्हता, त्या काळात पालवणकर बाळू यांनी हे काम आपल्या घरापासून सुरू केले होते.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजातील, मूळ कोकणातले. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि धाकटा शिवराम क्रिकेट शिकले. शिक्षण फारसे झाले नाही. १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर त्यांना काम मिळाले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. फलंदाजी मात्र साहेबांची मक्तेदारी होती. कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या कसलेल्या फलंदाजाला तासन् तास गोलंदाजी करता करता त्यांच्या डावखुऱ्या फिरकीला धार आली.

ही कीर्ती पुण्यातील हिंदू क्लबाच्या कानी गेली. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत. पण त्यांच्या पंगतीला बसायचे कसे, हा पेच होता. तोडगाही तसाच निघाला. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा आणि चहाच्या वेळी बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा घ्यायचा! पुढे ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांनी शंभराहून अधिक बळी टिपले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, तेही सरासरी १५ धावांच्या आसपास, ही त्यांची कमाई. दलित समाजातील तरुणांच्या दृष्टीने मात्र या आकड्यांपेक्षा आपला माणूस तिथवर पोहोचला, हेच मोठे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनाही तरुणपणी बाळूंचे मोठे कौतुक वाटे.

बाळू एकटे पुढे गेले नाहीत. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिन्ही भाऊ त्यांच्या मागोमाग हिंदू संघातून खेळले. तरीही कर्तबगारीने मिळायला हवे ते कर्णधारपद थोरल्या भावाला कधीच मिळाले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना आधी वगळण्यात आले आणि विठ्ठल यांचा नेतृत्वाचा हक्कही डावलला गेला. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून माघार घेतली. या प्रकरणाचा गवगवा झाला आणि अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करावे लागले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने स्पर्धा जिंकली. आपल्या आठवणी विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ या पुस्तकात नोंदविल्या आहेत.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधिमंडळ निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. सुमारे दोन हजार मतांनी ते पराभूत झाले. ज्यांना स्फूर्ती दिली, त्यांच्याच समोर उभे ठाकण्याची वेळ त्यांच्यावर आली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

क्रिकेटने बाळूंना मैदान दिले. मैदानाबाहेरची समता केवळ बळी घेऊन मिळाली नाही. त्यासाठी दोघा भावांना हातात आलेला खेळ सोडून बाहेर पडावे लागले. वंचित मुलांच्या हाती बॅट देणे ही सुरुवात झाली. पात्रता सिद्ध केल्यावर त्यांच्या हाती नेतृत्व सोपविण्याची तयारी आहे का, हा बाळूंच्या आयुष्याने विचारलेला प्रश्न आजही शिळा झालेला नाही.