बंद कांचेंतील पाऊस : डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड

भाताच्या पातेल्यावरील झांकण उचललें असतां त्याच्या आंतल्या बाजूस जमलेले थेंब आपण सर्वांनीं पाहिले आहेत. ते पुसून टाकण्यापलीकडे त्यांचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. असेच थेंब एका बाटलीच्या आंत पाहून लंडनच्या एका डॉक्टरांनीं विचार केला, व त्या विचारामुळें हजारों मैलांवरचीं नाजूक रोपें जिवंतपणीं समुद्र ओलांडूं लागलीं. हल्लीं कांहीं घरांतून कांचेच्या पेटींत सरडे व परदेशी साप पाळण्याची हौस वाढली आहे, आणि पेटींत ओलावा किती व कसा राखावा, असा प्रश्न आमचे विद्यार्थी वारंवार करतात. त्या प्रश्नाच्या मुळाशीं ज्यांचें नांव आहे, त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड ह्यांचा जन्म 1791 सालीं लंडन येथें झाला. तेराव्या वर्षीं ते जलमार्गानें जमेका बेटास गेले. तेथील नेचे, ताड आणि वेली ह्यांचें वेड त्यांना जें जडलें तें कायमचें. पुढें वडिलांचाच वैद्यकीचा व्यवसाय पत्करून ते पूर्व लंडनांतील वेलक्लोज स्क्वेअर येथें राहूं लागले. गोदीजवळची ही वस्ती गरीब मजुरांची. दगडी कोळशाच्या धुरानें तेथील आकाश काळवंडलेलें असे. अंगणांत दगडांची रास रचून, वरून पाणी झिरपत राहील अशी व्यवस्था करून, त्यांनीं नेचे लावले. काजळीपुढें ते टिकले नाहींत. ज्या हवेंत नेचा मरतो तीच हवा आपले रोगी रात्रंदिवस छातींत घेतात, हें त्या डॉक्टरांच्या ध्यानांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

1829 सालीं त्यांनीं एका पतंगाचा कोश ओलसर मातींत पुरून ती माती रुंद तोंडाच्या कांचेच्या बाटलींत घातली व वर झांकण बसविलें. कोशांतून पतंग कसा बाहेर पडतो, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. परंतु त्यांची दृष्टि दुसऱ्याच गोष्टीवर खिळली. दिवसा उष्णतेनें मातींतील पाण्याची वाफ होऊन ती कांचेवर थेंबांच्या रूपानें जमे, आणि तेच थेंब ओघळून पुन्हां मातींत जात. बाटलींतला ओलावा बाटलींतच फिरत राही. कांहीं दिवसांनीं त्या मातींतून एक नेचा आणि एक गवताचें पातें उगवलें! अंगणांत ज्या वनस्पतीसाठीं इतके श्रम करून यश आलें नाहीं, ती येथें आपण होऊन आली होती. डॉक्टरांनीं ती बाटली खिडकीबाहेर ठेविली. पाण्याचा एक थेंबही न घालतां तीं दोन्ही रोपें जवळजवळ चार वर्षें जगलीं. पुढें डॉक्टर घरीं नसतां झांकण गंजून पावसाचें पाणी आंत शिरलें, आणि तीं कुजलीं. कोरडेपणानें नव्हे, तर पाण्याच्या अतिरेकानें त्यांचा अंत झाला, ही गोष्ट आम्हांस मोठी बोधप्रद वाटते.

कांचपेटींत साप पाळणारांनींही हीच गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. कात टाकण्यापूर्वीं सापाचे डोळे दुधाळ दिसूं लागतात. त्या वेळीं हवा कोरडी असेल तर कात अखंड न निघतां तिचे तुकडे होतात, आणि डोळ्यांवरील पापुद्रा तसाच चिकटून राहतो. उलट पेटी सदैव ओलीचिंब राहिली तर पोटाकडील खवल्यांवर फोड येतात व फुप्फुसांचा विकार जडतो. पश्चिम आफ्रिकेंतील बॉल पायथन नांवाच्या अजगरास शेंकडा 50 ते 60 आर्द्रता सामान्यतः मानवते. कातीच्या सुमारास ती थोडी वाढवावी लागते. त्यासाठीं आर्द्रतामापक यंत्र आंत लावावें, पाण्याचें भांडें पसरट ठेवावें आणि ओलें शेवाळ भरलेली एक लहान डबी सापास शिरण्यास द्यावी. झांकणाची जाळी अर्धी झांकली म्हणजे ओलावा टिकतो. ती पूर्ण मात्र कधींच बंद करूं नये. वनस्पति सूर्यप्रकाशांत आपली हवा आपणच शुद्ध करते. सापास तें साधत नाहीं. आपल्या देशांतील साप घरीं बाळगणें 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, हें पालकांनींही लक्षांत घ्यावें.

असो. डॉ. वॉर्ड ह्यांनीं बाटलीवरून पेटी केली : भक्कम लांकडी चौकट, उतरतें कांचेचें छप्पर आणि तळाशीं ओली माती. 1833 सालीं नेचे, शेवाळ व गवत भरून अशा दोन पेट्या त्यांनीं जहाजानें ऑस्ट्रेलियांतील सिडनी बंदराकडे पाठविल्या. वनस्पति सुखरूप पोंचल्या. परतीची परीक्षा अधिक कठीण होती. 1834 च्या फेब्रुवारींत सिडनीच्या कडक उन्हाळ्यांत तेथील रोपें पेट्यांत भरलीं. केप हॉर्नला वळसा घालतांना जहाजाच्या फळ्यांवर बर्फ सांचलें होतें. विषुववृत्तापाशीं पुन्हां उष्णतेचा कहर झाला. वाटेंत कोणीं पाणी घातलें नाहीं. नोव्हेंबरांत लंडनच्या धक्क्यावर पेट्या उघडल्या, तों आंत हिरवीगार रोपें!

परदेशाहून झाडें आणणाऱ्या लॉडिजेस ह्या प्रसिद्ध रोपवाटिकेचा पूर्वीचा अनुभव असा होता कीं, वीस रोपांपैकीं एकोणीस समुद्रावरच मरत. खारे वारे, अपुरें गोडें पाणी, अंधार, ह्यांपैकीं एक तरी कारण त्यांचा घात करी. वॉर्डच्या पेटीनें हें प्रमाण उलटें केलें. 1848 ते 1851 ह्या काळांत रॉबर्ट फॉर्च्यून ह्यांनीं चीनमधील चहाचीं रोपें ह्याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशीं आणलीं. चीनला न विचारतां तीं नेण्यांत आलीं, हेंही सांगितलें पाहिजे. पेटी निर्दोष असली तरी ती वाहून नेणारांच्या हेतूंबद्दल तसें म्हणतां येत नाहीं. 1860 सालीं क्लेमेंट्स मार्कहॅम ह्यांनीं दक्षिण अमेरिकेंतून सिंकोनाचीं रोपें हिंदुस्थानाकडे पाठविलीं. ह्या झाडाच्या सालीपासून हिंवतापावरील क्विनीन निघतें. परंतु तांबड्या समुद्रांतील उष्णतेनें तीं खंगलीं व पुढें मेलीं. पेटी ओलावा राखी, पण उन्हाच्या तडाख्यापुढें तिचा इलाज नव्हता. 1861 सालीं आलेल्या दुसऱ्या रोपांनीं मात्र नीलगिरीवर मूळ धरलें.

डॉ. वॉर्ड ह्यांनीं 1842 सालीं आपल्या प्रयोगांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. 1845 सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठल्यावर श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून नेच्यांच्या पेट्या झळकूं लागल्या. डॉक्टरांचें लक्ष मात्र मजुरांच्या कोंदट खोल्यांकडे होतें. तेथें प्रकाश व शुद्ध हवा पोंचली पाहिजे, ह्याचा त्यांनीं आग्रह धरिला. 1852 सालीं रॉयल सोसायटीनें त्यांना सभासद करून घेतलें. 1868 सालीं ते निवर्तले. लंडनमधील नॉरवुडच्या दफनभूमींत त्यांचें थडगें आहे, पण त्यावर नांवाचा दगड नाहीं. त्यांच्या पेट्या मात्र पुढें कित्येक दशकें जगभरच्या बंदरांतून ये-जा करीत राहिल्या.