स्वामी रामानंद तीर्थ

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी नांदेड-लातूरच्या भूमीस पूज्य वाटणाऱ्या एका संन्याशाचे आम्ही कृतज्ञतेने स्मरण करतो.

व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म १९०३ सालचा. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत त्यांनी अध्यापन केले व पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले.

१९३८ साली निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसला जातीय संस्था ठरवून तिजवर बंदी घातली. स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह चालू होता. दोन्ही लढे एकच समजले जाऊ नयेत म्हणून, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह डिसेंबरात स्थगित केला. अंगावर भगवी वस्त्रे, परंतु मागणी सर्व धर्मांच्या प्रजेस जबाबदार अशा राज्यपद्धतीची!

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. १९५० साली अमलात आलेल्या घटनेने धर्म मानण्याचा, आचरण्याचा व प्रसार करण्याचा हक्क सर्वांस दिला. आम्हां अल्पसंख्यांस त्याचे मोल विशेष कळते.

स्वामीजी १९७२ साली निवर्तले. नांदेडचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. त्यांचा धर्म आमचा नव्हे. तथापि धर्मनिष्ठाने राजकारणात उतरावे, पण राज्य स्वधर्माचे मागू नये, हा त्यांचा धडा आम्हीही गिरवावा.