सगळ्यांना जमणारा नाच

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लग्न म्हटले की वरात आलीच, आणि वरात म्हटली की बँड. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला, की पुढे क्लॅरिओनेट, मागे ताशा, आणि मधल्या मोकळ्या जागेत नाचणारी पोरे. माझे मामा खामगावला एका जिनिंगमध्ये काट्यावर कामाला होते. उंची बेताची, पोट थोडे पुढे आलेले, स्वभाव अबोल. वरातीत ते नेहमी कडेने चालायचे. पण बँडवाल्याने ‘अलबेला’तले एखादे गाणे धरले, की हातातली टोपी शेजाऱ्याकडे देऊन मामा मधे शिरायचे. दोन्ही कोपर किंचित वाकवलेले, गुडघ्यात हलकासा लचका, पाय जवळजवळ जागच्या जागीच, आणि चेहऱ्यावर लाजरे हसू. गाणे संपले की टोपी परत घेऊन पुन्हा कडेला. दुसऱ्या कोणत्याही गाण्यावर मामा नाचल्याचे मला आठवत नाही.

हा नाच त्यांचा नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. तिथे जमिनीवर बसून, मधेच तुटणाऱ्या रिळांतून मी ‘अलबेला’ पहिल्यांदा पाहिला. पडद्यावर एक ठेंगणासा, जाडसर माणूस आला आणि नाचू लागला. मी बघतच राहिलो. हे तर आमचे मामा!

तो माणूस म्हणजे भगवान आबाजी पालव. सिनेमावाल्यांचे मास्टर भगवान आणि पुढे साऱ्यांचेच भगवानदादा. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीचा. म्हणजे जन्माने वऱ्हाडातलेच. आणि वऱ्हाड या शब्दाचा दुसरा अर्थ लक्षात घेतला, तर ते आयुष्यभर वऱ्हाडातच राहिले, असे मला गमतीने वाटते. वडील मुंबईत गिरणी कामगार. भगवान वाढले ते गिरणगावातच. आमच्या भागातल्या कापसाच्या गाठी ज्या मुंबईला जायच्या, त्याच मुंबईच्या चाळींत या मुलाचे बालपण गेले. शाळेत फारसे मन रमले नाही. लहान वयात मजुरी केली, तालमीत घाम गाळला आणि सिनेमाचे वेड लागले.

मूकपटांच्या शेवटच्या दिवसांत, १९३०च्या सुमारास, ते पडद्यावर आले. अमेरिकेच्या डग्लस फेअरबँक्सच्या उड्या आणि तलवारबाजी पाहून या तरुणाला वाटले, की हे आपणही करावे. आणि त्यांनी ते केले. बदली माणूस न घेता स्वतःच उड्या मारल्या, स्वतःच मार खाल्ला. १९३८ साली ‘बहादूर किसान’च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. मग दहा-बारा वर्षे थोड्या पैशांत झटपट तयार होणाऱ्या स्टंटपटांची रांगच लागली. शहाण्यासुरत्यांनी या चित्रपटांकडे पाहून नाके मुरडली असतील. पण दिवसभर यंत्रावर उभा राहिलेला कामगार संध्याकाळी हेच चित्रपट पाहायला जायचा. १९४१ साली त्यांनी तमीळमध्ये ‘वनमोहिनी’ दिग्दर्शित केला. १९४२ मध्ये ते निर्माते झाले आणि १९४७ साली चेंबूरला त्यांनी स्वतःचा जागृती स्टुडिओ उभारला. गिरणी कामगाराच्या मुलाची ही झेप लहान नव्हे.

याच काळातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगात त्यांनी ललिता पवारांना थप्पड मारायची होती. ती इतकी जोरात बसली, की ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूवरून वारे गेले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. काही वर्षे उपचारांत गेली. नायिका म्हणून त्यांची वाट तिथेच संपली. त्याच बारीक डोळ्याची खाष्ट सासू होऊन त्या पुन्हा उभ्या राहिल्या, हे त्यांचे कर्तृत्व. स्टंटपटातल्या खऱ्या माराची किंमत एका दुसऱ्याच कलावंताने मोजली. भगवानदादांवर प्रेम करणाऱ्यांनीही हे विसरू नये.

‘वनमोहिनी’मुळे त्यांच्याबरोबर आणखी एक नाव जोडले गेले. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. त्या तमीळ चित्रपटाचे संगीत त्यांचेच. १९४२च्या ‘सुखी जीवन’ने भगवानदादांनी त्यांना हिंदीत उभे केले. एक गिरणगावातला पैलवान गडी, दुसरा हार्मोनियमवर बोटे फिरवणारा. दोघांची दोस्ती जमली. पुढे राज कपूर यांनी भगवानदादांना मारामाऱ्या पुरे करून सामाजिक चित्रपट काढायचा सल्ला दिला, असे सांगतात. तो सल्ला त्यांनी मानला आणि १९५१ साली ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक, तिन्ही तेच.

गोष्ट साधीच आहे. प्यारेलाल हा गरीब घरातला तरुण. डोक्यात रंगभूमीचे वेड आणि घरात लग्नाची बहीण. पैशांवरून घरात खटका उडतो, तो बाहेर पडतो, आशा नावाच्या नटीची ओळख होते आणि नशीब उघडते. घरी पाठवलेले पैसे मात्र घरच्यांच्या हातात पडतच नाहीत. तो परततो तेव्हा घर उद्ध्वस्त झालेले असते. आमच्या त्या तंबूत बायका पदराने डोळे टिपत होत्या, हे मला लख्ख आठवते. बहिणीच्या लग्नाची काळजी आणि गावी धाडायची मनीऑर्डर, या दोन्ही गोष्टी घरोघरीच्या होत्या. त्या समजायला कोणाला हिंदी यावी लागत नव्हती.

पण चित्रपट गोष्टीमुळे टिकला नाही. तो टिकला गाण्यांनी आणि नाचाने. राजेंद्रकृष्ण यांची गीते, लता मंगेशकरांचा आवाज आणि पुरुष गायक म्हणून खुद्द सी. रामचंद्र, चितळकर या नावाने. त्यांनी बाँगो, सॅक्सोफोन, क्लॅरिओनेट अशी पाश्चात्त्य वाद्ये आणली, पण चाल आपल्या मातीतली ठेवली. म्हणून तर गावच्या बँडवाल्याला ती पहिल्याच झटक्यात वाजवता आली. सोबत गीता बालीसारखी चपळ, डोळ्यांनी बोलणारी नायिका. तीच अंगाईगीतात किती शांत होते, ते पाहण्यासारखे आहे.

पुढच्याच वर्षी, १९५२ साली, अमेरिकेत ‘सिंगिंग इन द रेन’ आला. जीन केली यांचा पावसातला नाच जगभर गाजला आणि तो आजही पाहावा असाच आहे. दोन्ही चित्रपट नाचगाण्याच्या दुनियेवरचे, दोन्ही हसवणारे. पण एक फरक मला फार मोलाचा वाटतो. जीन केलींचा नाच पाहिला की आपण थक्क होतो. असे शरीर, अशी तालीम आपल्याला या जन्मी साधणार नाही, हे मनोमन कळते. भगवानदादांचा नाच पाहिला की वाटते, हे तर मलाही जमेल. त्यात गिरकी नाही, झेप नाही. ज्या माणसाने इतकी वर्षे गच्चीवरून उड्या टाकल्या, त्याने नाचताना मात्र पाय जमिनीवरून फारसे उचललेच नाहीत. पोट सुटलेला, दमलेला, लाजणारा माणूसही दोन पावले टाकू शकेल, एवढेच त्याने ठेवले. हिंदी पडद्यावर साध्या माणसाला नाचायची परवानगी भगवानदादांनी दिली, असे मला वाटते. पुढे अमिताभ बच्चन यांच्यासारख्या उंच्यापुऱ्या नायकाच्या नाचातही त्यांचीच लकब लोकांना दिसली.

‘अलबेला’ने अमाप पैसा दिला. जुहूला बंगला झाला. आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी होत्या, असे लोक आजही कौतुकाने सांगतात. मग उतार लागला. ‘झमेला’ १९५३ साली आला, ‘लाबेला’ १९६६ साली. नावे जुळवली तरी जादू जुळली नाही. किशोर कुमार यांना घेऊन काढलेला ‘हंसते रहना’ पुरा झालाच नाही आणि त्यात बरेच काही बुडाले. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. भगवानदादा दादरच्या चाळीत परतले.

त्यानंतर कित्येक वर्षे ते दुसऱ्यांच्या चित्रपटांत छोट्या छोट्या भूमिका करत राहिले. कुठे हवालदार, कुठे गर्दीतला कोणी. पुष्कळदा तर त्यांना एवढ्यासाठीच बोलवायचे, की मधेच त्यांनी ती दोन पावले टाकावीत आणि प्रेक्षकांनी टाळ्या द्याव्यात. स्वतःच्या स्टुडिओचा मालक राहिलेल्या माणसाला रोजावर उभे राहताना काय वाटत असेल? या प्रश्नाने मला पुष्कळ छळले. यात चूक कोणाची, उधळपट्टी किती आणि दुनियेचा विसराळूपणा किती, याचा हिशेब आता कोणी मांडू नये. सारे पैसे एका चित्रपटावर लावणाऱ्या धंद्यात असे खूप जण बुडाले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरमध्येच त्यांचे निधन झाले. २०१६ साली ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली. तो पाहून नव्या पिढीतल्या काही जणांना निदान नाव तरी कळले.

ते गेल्याची बातमी पेपरात आली त्या दिवशी मामांनी पेपर नीट घडी करून कोनाड्यात ठेवला. आयुष्यभर काट्यावर दुसऱ्यांचा कापूस तोलणाऱ्या त्या माणसाला स्वतःचे वजन जाणवत नसेल, असे क्षण थोडेच. त्यातले पुष्कळसे भगवानदादांनी दिले होते, हे मला तेव्हा उमगले.

आता मामाही नाहीत. मध्यंतरी मेहकरला एका लग्नाला गेलो होतो. बँडऐवजी गाडीवर बांधलेले भोंगे, कानठळ्या बसवणारा आवाज. तेवढ्यात जुन्या चालीचे कोणीतरी नव्याने केलेले गाणे लागले. पोरांनी उड्या थांबवल्या, कोपर वाकवले आणि हलक्या गुडघ्यांनी जागच्या जागी झुलू लागली. त्यांच्यातल्या एकालाही भगवानदादा ठाऊक नसावेत. कडेला उभे असलेले, पोट पुढे आलेले एक गृहस्थ लाजत लाजत त्यांच्यात शिरले. मी हातातली पिशवी बायकोकडे दिली आणि त्यांच्या मागून गेलो.