अमेरिकेतील मुक्तिलढ्याला अर्पण केलेली ‘गुलामगिरी’

क्रांतिसूर्य महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील भल्या माणसांना अर्पण केले. कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थ सोडून झटलेली ही माणसे. आपले देशबांधवही शूद्रातिशूद्रांसाठी तोच मार्ग धरतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. ही आशा आज आपल्याकडूनही आहे, असे आम्हाला वाटते.

१८२७ साली माळी कुटुंबात जन्मलेले जोतिराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४७ मध्ये त्यांनी थॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लेखणीने उतरलेल्या पेन यांचा समान हक्कांचा विचार जोतिरावांनी इथल्या जातिव्यवस्थेला लावला. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आल्यावर १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई शिकवू लागल्या. समाजाच्या दबावाखाली वडिलांनी दोघांना घराबाहेर काढले, तरी काम सुटले नाही.

तिकडे अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखे गुलामीतून निसटलेले कार्यकर्ते देश हलवत होते. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, १८६३ मध्ये लिंकन यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे चाळीस लाख माणसे मुक्त झाली.

जोतिरावांनी नुसते कौतुक केले नाही. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. दुसऱ्यांकडून त्यागाची अपेक्षा करण्याआधी त्यांनी तो स्वतः केला होता. पुस्तक आले त्याच वर्षी, २४ सप्टेंबरला, सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

अमेरिकेत १८७७ नंतर दक्षिणेकडील राज्यांनी कृष्णवर्णीयांचे हक्क पुन्हा हिरावले. ते कायद्याने परत मिळवायला १९६४ आणि १९६५ साल उजाडले. म्हणजे कायदा झाला तरी संघटन आणि शिक्षण थांबवून चालत नाही. जोतिरावांना गुरू मानणारे बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

आता आपल्या वसईकडे पाहू. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरीही १९८० च्या दशकात वसई तालुक्यात आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीसाठी श्रमजीवी संघटनेला लढा द्यावा लागला. आजही पालघर-ठाण्यातली कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर राबतात, हंगामभर मुलांची शाळा बुडते.

बाबासाहेबांच्या संविधानामुळे आपल्यातले अनेक जण शिकले, नोकरीला लागले. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आता आपल्याला विचारते, की आपल्यापेक्षा खाली दाबलेल्यांसाठी आपण काय सोडतो? भट्टीवर जाऊन उचलीचा हिशेब लिहून घ्यावा, मुलांना जवळच्या शाळेत बसवावे, फसवणूक दिसली तर तहसीलदार आणि दक्षता समितीकडे लेखी तक्रार द्यावी. विहारातल्या तरुणांनी आठवड्याचा एक रविवार दिला तरी एवढे जमेल.

जय जोती! जय भीम!