सरकारी कागदांतून बातमी शोधणारे आय. एफ. स्टोन कोण होते?

१९५२ मध्ये न्यूयॉर्कचे ‘डेली कंपास’ बंद पडले आणि पत्रकार आय. एफ. स्टोन (१९०७-१९८९) बेरोजगार झाले. मॅकार्थीच्या त्या काळात डाव्या पत्रकाराला मोठी वृत्तपत्रे दारात उभे करीनात. मग १९५३ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमधून स्वतःचे चार पानी साप्ताहिक काढले. व्यवहार पत्नी एस्थर पाहत.

स्टोन यांना कमी ऐकू येई, बड्या अधिकाऱ्यांकडे ऊठबसही नव्हती. म्हणून ते सरकारी अहवाल आणि संसदेच्या कामकाजाचे कागद वाचत. १९५७ मध्ये नेवाडात भूमिगत अणुचाचणी झाली. तिचे धक्के काही शे मैलांपर्यंतच नोंदले गेले, असे अणुऊर्जा आयोगाने सांगितले. हे खरे असते, तर चोरून केलेली चाचणी पकडणे अवघड ठरले असते आणि चाचणीबंदीची मागणीच लंगडी पडली असती. स्टोन यांनी भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी खात्यात विचारणा केली. दोन हजारांहून अधिक मैलांवरच्या अलास्कातही नोंद झाली होती! आयोगाला दुरुस्ती करावी लागली.

सुमारे ५ हजार वर्गणीदारांवर सुरू झालेले हे साप्ताहिक १९७१ मध्ये थांबले, तेव्हा वर्गणीदार ७० हजारांच्या घरात होते. बातमी कोणत्या कागदावरून आली, हे वाचकाला कळत होते. विश्वास त्यातूनच वाढला.