ब्रूस ली

ब्रूस ली (जन्म : सॅन फ्रान्सिस्को, २७ नोव्हेंबर १९४०, मृत्यू : हाँगकाँग, २० जुलै १९७३) हे चिनी वंशाचे अमेरिकन अभिनेते, चित्रपट-दिग्दर्शक व युद्धकलातज्ज्ञ होते. सूडकथेवर आधारलेल्या, अल्प खर्चात काढलेल्या कुंग फू चित्रपटांना त्यांनी जगभर प्रेक्षक मिळवून दिला.

त्यांचे वडील कॅन्टोनीज संगीत रंगभूमीवरील नट होते. ते अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना ब्रूस यांचा जन्म झाला. बालपण मात्र हाँगकाँगमध्ये गेले. तेथे त्यांनी बालनट म्हणून कामे केली आणि इप मान या गुरूंकडे विंग चुन ही युद्धकला शिकली. १९५९ साली ते अमेरिकेस गेले. सिअ‍ॅटलमध्ये विद्यापीठीय शिक्षण घेत असतानाच त्यांनी कुंग फूचे वर्ग चालविले. १९६४ साली लिंडा एमरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

'द ग्रीन हॉर्नेट' (१९६६-६७) या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांना नायकाच्या नोकराची, केटोची, भूमिका मिळाली. चिनी चेहऱ्याच्या नटाला नायक करण्यास हॉलिवूड त्या काळी तयार नव्हते. १९७० साली व्यायाम करताना पाठीला गंभीर दुखापत झाली व कित्येक महिने अंथरुणावर काढावे लागले. या सक्तीच्या विश्रांतीत लिहिलेली युद्धकलेवरील टिपणे मृत्यूनंतर १९७५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

== 'द बिग बॉस' आणि नंतरचे चित्रपट ==
हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्ट या नव्या संस्थेने त्यांच्याशी दोन चित्रपटांचा करार केला. त्यांपैकी पहिला, 'द बिग बॉस' (१९७१), थायलंडमधील पाक चाँग या गावी चित्रित झाला. खर्च सुमारे एक लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने नगण्य होता. चित्रीकरण चालू असतानाच दिग्दर्शक बदलून लो वेई यांना आणण्यात आले.

बर्फाच्या कारखान्यात मजुरी करायला आलेला चेंग हा या चित्रपटाचा नायक. बर्फाच्या लाद्यांतून अमली पदार्थांची चोरटी वाहतूक होते. हे ज्यांच्या ध्यानात येते, ते त्याचे भाऊबंद एकेक करून नाहीसे होतात. मारामारी न करण्याचे वचन आईला दिल्यामुळे, गळ्यातील पदक तुटेपर्यंत चेंग हात उचलत नाही. चित्रपटाचे खरे बळ या रोखून धरलेल्या संतापात आहे. सूड पूर्ण झाल्यावर नायकाचा जयजयकार होत नाही, तो पोलिसांच्या स्वाधीन होतो. संकलन काही ठिकाणी ओबडधोबड असले, तरी हाँगकाँगमध्ये या चित्रपटाने तोवरच्या उत्पन्नाचे सर्व विक्रम मोडले.

पुढील 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) या चित्रपटात गुरूच्या हत्येचा सूड आहे. शांघायमधील जपानी वर्चस्वामुळे त्याला राष्ट्रीय अपमानाची धार आली. 'द वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) चे लेखन व दिग्दर्शन ली यांनी स्वतः केले.

== मृत्यू ==
'एन्टर द ड्रॅगन' हा हॉलिवूडच्या भांडवलावरील चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, मेंदूला सूज येऊन त्यांचे निधन झाले. सिअ‍ॅटल येथील लेक व्ह्यू दफनभूमीत त्यांची समाधी आहे. १९९३ साली चित्रीकरणादरम्यान मृत्युमुखी पडलेले त्यांचे पुत्र ब्रँडन यांचेही दफन तेथेच, वडिलांशेजारी करण्यात आले.